सातवं मूळ

वैशालीच्या दिवसाची सुरुवात दुसऱ्याची तहान मोजण्यापासून व्हायची. दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या चाळीत सकाळी सहाला नळाला पाणी यायचं, म्हणजे ज्या दिवशी यायचं त्या दिवशी. हंडे, कळश्या आणि मोरीतला ड्रम भरून झाला की ती प्लास्टिकची एक बाटली घ्यायची, मार्करने ओढलेल्या रेघेपर्यंत भरायची आणि बाबांच्या उशाशी ठेवायची. पाऊण लिटर. चहा, गोळीबरोबरचा घोट, रात्रीची चूळ, सगळं त्याच बाटलीतून. बाबुरावांच्या दोन्ही किडन्यांनी दोन वर्षांपूर्वी हात टेकले होते. आठवड्यातून दोनदा मशीनला जोडून त्यांच्या अंगात साचलेलं पाणी काढावं लागायचं. रेघेपेक्षा जास्त प्यायले तर ते पाणी फुफ्फुसात शिरणार, एवढं साधं गणित होतं, आणि ते सांभाळायचं काम घरात शिकलेली म्हणून वैशालीकडे आलं होतं.

खरं तर हा माणूस उभा जन्म पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला होता. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून ठाण्याच्या गल्ल्यांतले व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा. अर्ध्या नौपाड्याच्या टाक्या ज्याच्या हाताने भरल्या, त्याला आता पाणी रेघ बघून मिळत होतं. दुसरा कुणी असता तर नशिबाच्या नावाने बोटं मोडत बसला असता. बाबुराव नशीब मानत नव्हते. ते म्हणायचे, "ड्यूटी बदलली, दुसरं काय! आधी मी लोकांचं पाणी सोडायचो, आता पोरगी माझं सोडते."

बाटली भरली, बाबांना वजनकाट्यावर उभं केलं, आकडा लॅपटॉपमधल्या तक्त्यात चढवला, की वैशाली निघायची माजिवड्याला, दुसरी तहान मोजायला. ही तहान एका उंबराची होती.

माजिवड्याच्या जुन्या गावठाणाच्या कडेला, जिथे आता नवं संकुल उठत होतं, तिथे रंगूबाईंच्या परसात हा उंबर उभा होता. तीन माणसांनी हात धरले तरी कवेत न मावणारा. संकुलाला सांडपाण्याचं गटार काढायचं होतं आणि ते उंबराच्या कुठल्या बाजूने न्यावं म्हणजे झाड मरणार नाही, याचा अहवाल हवा होता. नौपाड्यातल्या साकेत सरांच्या लहानशा कंपनीने ते काम घेतलं होतं आणि वैशाली त्यांच्याकडे नोकरीला होती. झाडं मातीतून पाणी कसं घेतात याचं गणित मांडणं, हा तिचा अभ्यास. तिने जमीन कागदावर छोट्या छोट्या पेट्यांत कापली, पेटीपेटीत ओल मोजणाऱ्या कांड्या खुपसल्या, आणि खोडाला पट्टा बांधून वर किती पाणी चढतं ते मोजायची सोय केली. जमिनीत लहरी सोडणारं यंत्र फिरवून सहा मोठी मुळं शोधली. मातीतून गेलेलं पाणी आणि खोडात चढलेलं पाणी यांचा मेळ बसला, की कुठलं मूळ किती महत्त्वाचं ते कळणार होतं.

रंगूबाई गावच्याच, सत्तरी ओलांडलेल्या. रोज सकाळी उंबराला एक कळशी घालायच्या. हिशेबात गडबड नको म्हणून वैशालीने ती कळशीसुद्धा मापून घेतली होती. म्हातारीला त्याचं भारी हसू यायचं.

चूक झाली ती नोव्हेंबरात, आणि अगदी हसतखेळत झाली. नवा प्रोग्राम लिहिला की आधी तो ओळखीच्या आकड्यांवर चालवून बघायचा, ही वैशालीची सवय. ओळखीचे आकडे म्हणजे बाबांचे. आत किती गेलं, बाहेर किती आलं, वजन किती चढलं. झाड काय आणि माणूस काय, पाण्याचं गणित एकच. उंबराखाली बसून तिने सहा मुळांच्या यादीत सातवं मूळ टाकलं. उत्तरेला बारा पावलं, कमरेइतकं खोल, मनगटाएवढं जाड, सगळं मनाचं. ते आकडे घेणार होतं बाबांच्या तक्त्यातून. रंगूबाई शेजारीच कळशी ओतत होत्या.

"आजी, याला नाव काय देऊ?" वैशाली म्हणाली. "बाबुराव देते. आमचे बाबा. बारा पावलं लांब झोपलेत आणि पाणी पाणी करतायत."

रंगूबाईंचा हात थांबला. कळशीत अर्धं पाणी तसंच राहिलं.

"नाव घेतलास?"

"का हो?"

"उंबराला पानी घालताना घरातल्या कोनाचा नाव घ्यायचा नाय गो. झार त्याला जोरून घेतं. माझ्या सासूनं मला पैल्या दिशीच सांगितला होता."

वैशालीने आदराने मान हलवली आणि मनातल्या मनात हसली. तिच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. बाबांनी आयुष्यात एक नवस केला नव्हता की एक गंडा बांधला नव्हता. प्रोग्राम ठीक चालला, ती पुढच्या कामाला लागली, आणि सातवं मूळ काढून टाकायचं राहून गेलं.

डिसेंबरात संकुलवाल्यांनी सँपल फ्लॅटसमोर, उंबराच्या उत्तरेला, हिरवळ अंथरली. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना गारवा म्हणून तिच्यावर सकाळ-संध्याकाळ फवारे. दिव्यात माणसं एका हंड्यासाठी एकमेकांच्या झिंज्या उपटत होती आणि इथे गवत दोन वेळा न्हात होतं. वैशालीला ते बघवत नसे, पण तिचं गणित मात्र झकास जमत होतं. मातीतलं पाणी आणि झाडातलं पाणी यांचा मेळ रोज पळीभर फरकात बसायचा. साकेत सर म्हणाले, "वैशाली, इतका सुंदर मेळ मी पुस्तकातसुद्धा बघितला नाही." त्यांनी अहवालाचा कच्चा खर्डा संकुलवाल्यांना पाठवूनही दिला.

घरी मात्र मेळ बसत नव्हता. बाबांचं वजन वाढत होतं. बाटली रेघेवर, जेवण तेच, आणि काटा रोज लिटरभर पाण्याइतका वर. पाय सुजले, डोळ्यांखाली पिशव्या आल्या, आडवं झालं की धाप लागू लागली. डॉक्टरांनी वैशालीला बाजूला घेऊन सांगितलं, "पेशंट चोरून पाणी पितोय. असंच चाललं तर एक दिवस घरातल्या घरात बुडेल."

त्या संध्याकाळी ती बाबांसमोर उभी राहिली.

"बाबा, खरं सांगा."

"काय खरं? थेंब चोरला नाय मी."

"मग वजन काय हवेतून वाढतं? आम्ही इकडे जिवाचं रान करतोय आणि तुम्ही..."

"वैशाली, मी तीस वर्षं पाण्यावर बसलो होतो. तेव्हा कुणाचा थेंब चोरला नाय, आता घरातला चोरू?"

तिने ऐकलं नाही. माठ लाकडी कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं. आई, मंजुळाबाई, पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं, घरच्या माणसापासून पाण्याला कुलूप? असं कुठं ऐकलंय का?"

"असू दे गं," बाबुराव भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "चावी ज्याच्याकडे असते त्यालाच झोप लागत नाय. मला ठाऊक आहे."

खरंच तिला झोप लागली नाही. कुलूप घालूनही वजन वाढायचं थांबलं नाही.

जानेवारीत पक्का अहवाल लिहायला बसली आणि नकाशा काढताना तिच्या लक्षात आलं. यंत्राने दाखवलेली मुळं सहा. प्रोग्राममध्ये सात. इतके दिवस जो मेळ बसत होता तो एका खोट्या मुळाच्या जोरावर. तिने घाईघाईने ते मूळ काढलं आणि सगळं पुन्हा चालवून बघितलं. आता रोज पाणी कमी पडू लागलं. मातीतून जायचं, पण खोडात चढायचं नाही. एवढ्या थोरल्या झाडात लिटरभराची चूक म्हणजे काहीच नाही, दुसऱ्या कुणी ती सोडून दिली असती. पण चूक रोज एकाच बाजूला पडत असेल तर ती चूक नसते. चावीवाल्याच्या मुलीला गळती सोडून देता येईना.

तिने हरवलेल्या पाण्याचा तक्ता केला आणि त्याच्या शेजारी बाबांच्या वाढलेल्या वजनाचा तक्ता लावला. दोन्ही आकडे सारखे होते. तीन डिसेंबरला आठशे मिलिलिटर, आणि आठशे ग्रॅम. चार डिसेंबरला साडेनऊशे, आणि साडेनऊशे. महिनाभर, एकाही दिवसाचा फरक न पडता. बाहेर ऊन होतं, नौपाड्याच्या रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते, आणि वैशाली दोन्ही रकाने बोटाने पुन्हा पुन्हा ताडून बघत होती.

आता शिकलेलं माणूस अशा वेळी काय करतं? स्वतःला रागावतं. योगायोग, म्हणाली. फाईल बाबांचे आकडे उचलत होती, त्यातूनच काहीतरी गुंता झाला असेल, म्हणाली. गुंता मातीतल्या कांड्यांना कसा कळला, हे तिने स्वतःला विचारलं नाही. खोटं काम केल्याची लाज भीतीपेक्षा मोठी होती. तिने साकेत सरांकडे जाऊन चूक कबूल केली आणि पक्क्या अहवालात स्वच्छ लिहिलं: उत्तरेला मूळ नाही, गटार तिकडून न्यायला हरकत नाही. खाली सही केली. घरी जाऊन कपाटाचं कुलूपही काढलं. बाबांची माफी मागायची होती, पण माफी मागायची तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून ती नुसतीच त्यांचे पाय चेपत बसली.

मूळ कागदावरून गेलं तरी बाबांचं वजन चढतच राहिलं. मार्चमध्ये पाणीकपात आली आणि फवारे बंद पडले. हिरवळ आठ दिवसांत करपली, उत्तरेची माती भेगाळली. आणि बाबांचं वजन उतरू लागलं. पहिल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, शाब्बास. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी वजन पुन्हा करायला लावलं. तिसऱ्या आठवड्यात मशीनला जोडल्या जोडल्या बाबांचं ब्लडप्रेशर खाली गेलं, पायांत गोळे आले. त्यांची जीभ सुकून लाकडासारखी झाली होती. "काढायला पाणीच नाही यांच्यात," नर्स म्हणाली.

वैशालीने माजिवड्याला जाऊन आकडे उतरवले. आता मातीतून जितकं पाणी जात होतं त्यापेक्षा खोडात जास्त चढत होतं. रोज लिटर, सव्वा लिटर जास्त. कुठून, ते विचारायची गरज नव्हती. तिच्या अभ्यासातला हा पहिला धडा होता. पाणी ओल्याकडून कोरड्याकडे जातं. मूळ ही नुसती वाट आहे, तिला आत आणि बाहेर कळत नाही. माती ओली असेल तर वाट एका बाजूने वाहते, माती कोरडी पडली की उलटी. बारा पावलांवरच्या त्या टोकाला हिवाळाभर बाबांचं शरीर फवाऱ्यांनी भिजलेल्या मातीपेक्षा कोरडं होतं. आता झाड कोरडं होतं.

तिने लॅपटॉप मिटला आणि रंगूबाईंना सगळं सांगितलं. रंगूबाई म्हणाल्या, "जोरलेला तुटत नाय गो लिवून-पुसून. झार तहानलंय, त्याला पाज."

मग वैशालीने आपलं सगळं शिक्षण गुंडाळून ठेवलं आणि पाणी घालायला लागली. रंगूबाईंच्या नळावरून बादलीमागून बादली, हाताला फोड येईपर्यंत. ज्या दिवशी पंधरा बादल्या घातल्या त्या दिवशी बाबा उठून बसले आणि भाकरी खाल्ली. ज्या दिवशी नळ कोरडा गेला त्या दिवशी त्यांनी डोळे उघडले नाहीत. असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी ती साकेत सरांना म्हणाली, "सर, उत्तरेला मूळ आहे. गटार तिकडून नको."

"अगं, तूच सही करून दिलंयस, नाही म्हणून. आधी आहे, मग नाही, आता परत आहे! पुरावा काय?"

पुरावा दिव्यात खाटेवर पडला होता. पण असल्या पुराव्यावर कुणी गटार वळवत नाही. तिने फार विनवलं तेव्हा सर म्हणाले, बघतो, बोलतो त्यांच्याशी.

बोलायच्या आतच काम सुरू झालं. मंगळवारी सकाळी ती बाटली भरून निघाली आणि ठाण्यात उतरून रिक्षात बसते तोच सरांचा निरोप आला. खोदाई आज होती. ती पोचली तेव्हा दहा वाजले होते. उत्तरेच्या बाजूला कमरेइतका चर पडला होता, खोदायचं यंत्र मान वर करून थांबलं होतं, आणि मुकादम काळुराम चराच्या काठावर उकिडवा बसून खाली बघत होता.

"मॅडम, तुमच्या कागदावर तर इथं काय नव्हतं," तो म्हणाला.

वैशालीने उंबरापासून पावलं मोजली. मोजायची गरज नव्हती तरी मोजली. बारा. चराच्या भिंतीतून मनगटाएवढं मूळ बाहेर आलं होतं, यंत्राच्या दाताने मधोमध तोडलेलं. झाडाकडचं टोक कोरडं होतं. दुसऱ्या टोकातून पाणी वाहत होतं. ठिबकत नव्हतं, बोटाएवढी धार लागली होती.

"पाइप फुटला म्हणून बघाया गेलो," काळुराम म्हणाला. "पाइप नाय. ह्या मुळाचं दुसरं टोक कुठं जातं तेच कळत नाय. चार फूट उकरलं, पुढं नुसता मुरूम. मुळातून एवढं पाणी येतं का कधी?"

ती चरात उतरली. ओंजळ धरली, वास घेतला. त्या पाण्याला डायलिसिसच्या खोलीचा वास होता, स्पिरिटचा आणि बाबांच्या घामाचा. तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

"वैशू, यांना काय झालंय कळत नाय गं. पाणी पाणी करतायत. बाटली कधीच संपली. डोळे खोल गेलेत, नखं पांढरी पडलीत. शेजारचा राजरत्न गाडी आणायला धावलाय. तोवर पाणी देऊ का गं? तू म्हणशील तर देते."

दोन वर्षं या प्रश्नाचं एकच उत्तर ठरलेलं होतं. नाही म्हणायचं. बाबांनी हात जोडले तरी नाही म्हणायचं. वैशालीने त्या धारेकडे बघितलं.

"दे," ती म्हणाली.

"किती?"

"मोजू नकोस. मागतील तेवढं दे."

फोनमधून तांब्या भांड्यावर आपटल्याचा आवाज आला. बाबांचे घोट ऐकू आले, घाईघाईचे, लहान मुलासारखे. आणि दर घोटाला चरातली धार उसळून वर येत होती. आई रडकुंडीला येऊन म्हणत होती, "तीन तांबे झाले गं, तरी ओठ कोरडेच. जातंय कुठं सगळं?"

"आजी!" वैशाली ओरडली. रंगूबाई आधीच शेणमातीचा गोळा कालवून घेऊन आल्या होत्या. तुटल्या फांदीला लावतात तसा तो त्यांनी टोकावर थापला. धारेने तो धुऊन नेला. दुसरा थापला, तोही गेला. मग वैशालीने फोन काठावर ठेवला आणि उजव्या हाताचा तळवा त्या टोकावर दाबून धरला.

मूळ कोमट होतं. ताप उतरलेल्या माणसाच्या हाताइतकं कोमट. धार तळव्याखाली धडपडली, मंदावली आणि थांबली.

काही वेळ काहीच झालं नाही. मग तिच्या घशाला कोरड पडली. आधी घसा, मग जीभ, मग ओठ. डोळ्यांतलं पाणी आटलं तसे डोळे चुरचुरू लागले. तळव्यातून काहीतरी हळूहळू निघून चाललं होतं, शांतपणे, एका दिशेने. ती ओली होती आणि मुळाच्या पलीकडच्या टोकाला बाबा कोरडे होते, म्हणजे दुसरं काही होणारही नव्हतं.

"वैशू," काठावरच्या फोनमधून आईचा आवाज आला. "ऐकतेस का? तांब्या रिकामा आहे गं, आता काही दिलं नाय मी. पण यांचे ओठ ओले झालेत. डोळे उघडले. तुझं नाव घेतायत."

वैशालीला बोलायचं होतं, पण जीभ टाळूला चिकटली होती. बाबांना लावलेलं ते कुलूप तिला आठवलं आणि तिला रडू आलं, बिनपाण्याचं.

"मॅडम, वर या," काळुराम म्हणाला. "हात काढा. चेहरा बघा तुमचा कसा झालाय."

तिने मान हलवली. नाही. रंगूबाई पदर खोचून चरात उतरल्या, कळशी तिच्या तोंडाशी धरली. वैशाली घटाघटा प्यायली. अर्धी कळशी संपली तरी घसा तसाच होता. रंगूबाईंनी तिच्या हाताकडे बघितलं, मुळाकडे बघितलं. म्हणाल्या, "अजून दिऊ? किती?"

"ओता आजी," वैशाली म्हणाली. "मोजू नका."

हात तिने काढला नाही.